काळी खिडकी कुणी बंद केली

विनीत उतेकरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एक नियम होता आणि त्या नियमाचा त्याला भारी अभिमान होता. प्रत्येक विद्यार्थ्याने एक चूकवही ठेवायची. मशीनने चूक दाखवली की आधी ती वहीत जशीच्या तशी उतरवायची, शेजारी काय काय करून पाहिलं ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवलेला चालत नसे. शनिवारी विनीत सगळ्या वह्या गोळा करी आणि प्रत्येक पानाखाली ‘पाहिले’ असं लिहून सही ठोके. आता ‘पाहिले’ लिहिणं आणि खरोखर पाहणं यांत किती अंतर असतं, हे ज्याने कधी वह्यांचा गठ्ठा तपासला आहे त्याला सांगायला नको.

क्लास महाडच्या बाजारपेठेत, एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर होता. सावित्री नदी अधूनमधून बाजारात चक्कर टाकून जाते, त्यामुळे जे भिजायला नको ते इथले लोक वरच ठेवतात. माडीवर आठ मशिनं मुलांची आणि कोपऱ्यात एक सरांचं. विनीत मूळचा पोलादपूरकडचा. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून वडिलांच्या आजारपणात परत आला तो कायमचाच. पुण्याहून शिकून आलेला म्हणून त्याला गावात मान होता, आणि मान टिकवायचा तर ‘मला माहीत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे नसतात, अशी त्याची पक्की समजूत होती.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी अजमलभाई जिना चढून आले. नाते गावात राहायचे, स्वतःचा टेम्पो चालवायचे. त्यांची मुलगी नाझिया ही विनीतची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. अजमलभाई चपला दाराबाहेर काढून आत आले, खुर्चीवर मात्र बसले नाहीत.

“सर, नाझिया आता येनार नाय,” ते म्हणाले.

विनीतने कारण विचारलं. अजमलभाईंनी टोपी काढली, परत घातली.

“तिचं म्हननं हाय की तिला जमत नाय. तुमी पुन्याला शब्द दिलेला हाय. तिच्यापायी तुमचं नाव खराब व्हायला नको, म्हनते.”

शब्द दिला होता, हे खरं. पुण्यातल्या विनीतच्या जुन्या ओळखीच्या एका कंपनीला शिकाऊ माणूस हवा होता. विनीतने नाझियाचं नाव सुचवलं. अट एकच होती: येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिने स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम पाठवायचा आणि त्यातली चूक आपण कशी शोधली ते सोबत लिहायचं. महाडच्या माडीवरून असं बोलावणं पहिल्यांदाच येत होतं आणि दुसऱ्यांदा येईल याची खात्री नव्हती.

नाझियाचा प्रोग्राम एसटीचा होता. गावाचं नाव आणि वेळ टाकली की पुढची गाडी कुठली, कुठे बदलायची, किती वेळ थांबावं लागेल हे तो सांगत असे. सगळ्या गावांसाठी तो नीट चाले. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली तीन गावं टाकली की मात्र मध्येच कोसळे. का कोसळतो हे शोधायला विनीतनेच तिला डीबगर वापरायला सांगितलं होतं. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला एकेक पाऊल चालवून तो नेमका कुठे अडखळतो ते दाखवणारं साधन. क्लासमध्ये ते वापरणारी ती पहिलीच.

आणि इथेच घोडं अडलं. एरवी ती तीन गावं सोडली तर नीट चालणारा प्रोग्राम डीबगरमधून चालवायला घेतला की पहिलं पाऊलही टाकत नव्हता. पडद्यावर एकच ओळ येई: सुरू होतानाच प्रोग्राम संपला, कोड एक. तिने मागच्या बुधवारी विनीतला बोलावून ती ओळ दाखवली होती. विनीतने अशी ओळ जन्मात पाहिली नव्हती. पण मागे चार मुलं उभी राहून ऐकत होती. तेव्हा तो म्हणाला, “डीबगर जास्त कडक असतो. तुझ्या प्रोग्राममध्ये मुळातच काहीतरी गंभीर चुकलेलं असणार. शोध.” आणि चहाला निघून गेला.

हे आता अजमलभाईंसमोर बसून त्याला आठवलं. दोन दिवस थांबा, तिचं नाव अजून काढू नका, एवढं तो कसाबसा बोलला. अजमलभाईंनी मान हलवली आणि ते टेम्पोकडे गेले.

दुपारी क्लास रिकामा झाला तसं विनीतने शनिवारच्या वह्यांमधून नाझियाची वही काढली. आधी त्याला वाटलं होतं की चार-पाच नोंदी असतील. चाळीस होत्या. चाळीसच्या चाळीस नोंदींच्या पहिल्या रकान्यात तीच ओळ, एक अक्षर इकडेतिकडे न करता उतरवलेली. मधल्या रकान्यात मात्र दरवेळी नवं काहीतरी होतं. ‘गावांची यादी लहान केली. तरी तेच.’ ‘वेळेचा हिशोब काढून टाकला. तरी तेच.’ ‘दुसऱ्या मशीनवर बसले. तरी तेच.’ पोरगी एखाद्या सुताराने कपाट सोडवावं तसा एकेक फळी काढून आपला प्रोग्राम उलगडत गेली होती. विनीत कुतूहलाने वाचत गेला, आणि एकतिसाव्या नोंदीपाशी त्याचं बोट थांबलं.

‘सगळा प्रोग्राम काढून टाकला. फक्त सुरुवात आणि शेवट ठेवला, मध्ये काहीच नाही. तरी तेच.’ आणि कारणाच्या रकान्यात, कारण तो रिकामा ठेवायचा नसतो म्हणून: ‘माहीत नाही. माझीच चूक असेल.’

खाली त्याच्याच हातचं ‘पाहिले’ आणि सही.

विनीतला लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. ज्यात काही नाहीच, त्या प्रोग्राममध्ये गंभीर चूक असणार कुठून? तिने पुरावा गोळा करून, तारीख घालून त्याच्या टेबलावर ठेवला होता. पण सर म्हणाले होते की चूक तुझी, तेव्हा तिने सरांवर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या प्रयोगावर ठेवला नाही.

लाज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आता त्याला चैन पडेना. मग ही भानगड आहे तरी काय? त्याने आपल्या कोपऱ्यातल्या मशीनवर तोच रिकामा प्रोग्राम डीबगरमधून चालवला. सुरळीत चालला. मुलांच्या पहिल्या मशीनवर मुलांच्या खात्यातून बसला: कोड एक. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, खिडकीजवळच्या आठव्यावर: कोड एक. त्याच आठव्यावर स्वतःच्या खात्यातून शिरला: सुरळीत. म्हणजे मशीन कुठलंही असो, मुलांच्या खात्यातून बसलं की बिघडतं आणि सरांच्या खात्यातून बसलं की चालतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपण मुलांच्या जागेवर एकदाही बसलो नाही, हेही त्याच्या तेव्हाच लक्षात आलं.

मंगळवारचा अख्खा दिवस त्याने यातच घालवला. सकाळच्या बॅचला टंकलेखनाचा सराव दिला आणि स्वतः पुस्तकं उघडली. डीबगर एखादा प्रोग्राम चालवतो म्हणजे नेमकं काय करतो? पुस्तकात एक गोष्ट सापडली जी त्याला माहीत असायला हवी होती आणि नव्हती. डीबगर प्रोग्रामला थेट सुरू करत नाही. तो शेलला सांगतो, बाबा रे, एवढा हा प्रोग्राम सोड. शेल म्हणजे आपण टाकलेली आज्ञा घेऊन ती मशीनकडून करवून घेणारा मधला माणूस. डेपोत गाडी तयार असते, ड्रायव्हर-कंडक्टर चढलेले असतात, पण कंट्रोलरने नोंद केल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही, तसंच हे. आणि कुठल्या शेलला सांगायचं, हे डीबगर त्या खात्याच्या सेटिंगमध्ये पाहतो.

विनीतने मुलांच्या खात्याचं सेटिंग उघडलं. शेलच्या नावापुढे एक इवलासा प्रोग्राम लिहिला होता. त्या प्रोग्रामला जगात एकच काम येतं. त्याला काहीही सांगा, तो काहीही न करता, एक अक्षर न बोलता, ‘जमलं नाही’ एवढी खूण देऊन निघून जातो. त्या खुणेचा आकडा एक.

आता सगळं जुळलं. डीबगर त्या घुम्याला सांगे, प्रोग्राम सोड. घुम्या काही न करता एक म्हणून चालता होई. आणि डीबगर बिचारा समजे की प्रोग्रामच सुरू होऊन संपला. नाझियाच्या एसटीच्या प्रोग्रामला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

कोड्याचं उत्तर सापडलं की माणसाला आनंद होतो. विनीतलाही झाला, पण तो जेमतेम अर्धा मिनिट टिकला. कारण पुढचा प्रश्न आपसूकच आला: हे सेटिंग केलं कुणी? फाइलवर तारीख होती, दिवाळीच्या सुट्टीतली. आणि नाव होतं, विनीत.

मग त्याला ते आठवलं. दिवाळीआधी क्लासला कोंडाजीराव नावाचे एक कारकून येत. वय पंचावन्नच्या पुढे, पांढराशुभ्र शर्ट, सगळ्यांशी आदबीने वागणारे. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी त्यांना फार आवडे. एके दिवशी पुस्तकात बघून त्यांनी एक आज्ञा टाकली, तीत एक रिकामी जागा जास्त पडली, आणि सगळ्या मुलांच्या फाइली पुसल्या गेल्या. विनीत आतून जळला. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘तुमच्यामुळे झालं’ असं तोंडावर कसं सांगणार? महाड-पोलादपुरात तसं कुणी बोलत नाही. तो हसून ‘होतं असं’ म्हणाला. आणि सुट्टीत एकट्याने येऊन त्याने सगळ्याच मुलांच्या खात्यात शेलच्या जागी तो घुम्या बसवून टाकला, म्हणजे काळी खिडकी उघडली की लगेच मिटेल. कुणी विचारलं तर ‘तांत्रिक कारणाने बंद आहे’. एकाला बोलायचं टाळण्यासाठी त्याने आठही मशिनांचं दार लावलं आणि दार लावल्याचं विसरूनही गेला.

सेटिंग पूर्ववत करायला एक मिनिट लागलं. नात्याला जायला मात्र त्याने बुधवारची दुपार होऊ दिली.

रायगडाच्या रस्त्याच्या गाडीने तो नात्याला उतरला. अजमलभाई घरीच होते. त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली, नाझियाच्या आईने, खतीजाभाभींनी, चहा आणला. नाझिया दाराच्या चौकटीशी उभी राहिली. चार दिवसांत तिचा चेहरा उतरला होता.

विनीतने वाटेत बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं सगळ्यांत गुळगुळीत त्याने आधी काढलं. म्हणाला, क्लासच्या मशिनांमध्ये एक तांत्रिक अडचण आली होती, ती आता दूर झाली आहे, नाझियाने उद्यापासून यावं.

“कसली अडचण, सर?” नाझियाने विचारलं.

सेटिंगची, तो म्हणाला.

“कुणी बदललं होतं सेटिंग?”

तिच्या विचारण्यात रोख नव्हता. चूक दिसली की तिच्या मुळापर्यंत जायचं, ही तिची सवयच होती. ती त्याच्याच नियमाने लागलेली. विनीतने चहाचा कप खाली ठेवला. कोंडाजीरावांचं नाव पुढे करता आलं असतं आणि ते अर्धं खरंही होतं. क्षणभर तसं मनातही आलं.

“मी बदललं होतं,” तो म्हणाला. “दिवाळीत. आणि विसरलो. तू मला ती ओळ दाखवलीस तेव्हा तिचा अर्थ मला कळला नव्हता. तरी मी सगळ्यांसमोर तुझा प्रोग्राम वाईट आहे म्हणून सांगितलं. डीबगर तुझ्या प्रोग्रामपर्यंत एकदाही पोचलेला नव्हता.”

अजमलभाईंनी मुलीकडे पाहिलं, मग सरांकडे.

“म्हंजे पोरीची चूक नव्हती?”

“नव्हती.”

नाझियाला हसू फुटेल, निदान हायसं वाटेल, असं विनीतला वाटलं होतं. तिला राग आला. तो तिच्या डोळ्यांत आधी दिसला आणि मग आवाजात.

“एकतिसावी नोंद बरोबर होती मग.”

“बरोबर होती. तिथेच उत्तर होतं.”

“त्याच्याखाली तुम्ही ‘पाहिले’ लिहिलंय, सर.”

न वाचता लिहिलं, एवढंच तो म्हणाला. खतीजाभाभी चहाचे कप उचलायला वाकल्या आणि उचलता उचलता लेकीला म्हणाल्या, “सर इतक्या लांब आले, ते खरं बोलायलाच आले ना गो?” नाझिया आत निघून गेली. विनीत परतीच्या गाडीत बसला तेव्हा ती उद्या येईल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेनवाला ती आली. कुणाशी न बोलता आठव्या मशीनवर बसली, डीबगर सुरू केला आणि एसटीचा प्रोग्राम त्यात घातला. या वेळी तो पहिलं पाऊल टाकून थांबला, हुकमाची वाट पाहत. मग ती एकेक पाऊल चालवत निघाली. विनीत आपल्या कोपऱ्यात काम करण्याचं नाटक करत होता, पण कान तिकडेच होते. वीसेक मिनिटांनी ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि राग-बिग विसरून म्हणाली, “सर, वस्तीच्या गाड्या!”

डोंगरातल्या त्या तिन्ही गावांना संध्याकाळी एकच गाडी जाते. रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. सुटायची वेळ संध्याकाळी सातची, परतीची सकाळी सहाची. नाझियाचा प्रोग्राम सहातून संध्याकाळचे सात, म्हणजे एकोणीस, वजा करी, उत्तर उणे येई आणि यादीतली उणे क्रमांकाची जागा शोधता शोधता कोसळे. मध्ये एक रात्र उलटते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघंही हसले. तिने दुरुस्ती केली, शोधाची हकीगत दोन पानांत लिहिली आणि शुक्रवारी दुपारी बाराला सगळं पुण्याला गेलं. सोमवारी तिकडून फोन आला: एक मार्चपासून रुजू व्हा.

पण नाझियाचं तेवढ्याने समाधान झालेलं नव्हतं. पाठवून झाल्यावर शुक्रवारीच तिने विचारलं होतं की ती ओळ तशी का यावी? घोळ शेलने घातला, मग डीबगर माझ्या प्रोग्रामचं नाव का घेतो? विनीतच्या तोंडावर एक उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि तो म्हणाला, “मला माहीत नाही. बघू या.” एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर त्या डीबगरचा मूळ कोड होता. दोघांनी तो उघडला. दोन दुपारी वाचल्यावर जागा सापडली. लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की शेल कामाचा असणार. तो प्रोग्राम सोडण्याआधीच मेला तर काय, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

तिथे एक तपासणी घालायची ठरली. तपासणी लिहिणं सोपं होतं, पडद्यावर काय म्हणायचं ते अवघड निघालं. विनीतने सुचवलं: ‘शेल सुरू करताना अडचण आली.’ नाझियाने नकारार्थी मान हलवली. कुठला शेल, हे त्यात नाही, ती म्हणाली. तो कुठल्या सेटिंगमधून घेतला, हे नाही. आणि समोर बसलेल्याने स्वतःबद्दल काय समजायचं, हे तर मुळीच नाही. तिने स्वतः लिहिलं: सेटिंगमध्ये अमुक शेल दिलेला आहे, त्याने प्रोग्राम सुरू केला नाही, सेटिंग तपासा, तुमचा प्रोग्राम अजून सुरूच झालेला नाही. मग पडताळणीसाठी तिने मुद्दाम आपल्या खात्यात पुन्हा तो घुम्या बसवला आणि डीबगर चालवला. नवी ओळ पडद्यावर आली. ती तिने दोनदा वाचली आणि तिला एकदम रडू आलं. विनीत पाणी आणायला खाली गेला आणि जरा उशिरानेच वर आला.

डीबगर सांभाळणारी माणसं देशोदेशी विखुरलेली होती. त्यांना बदल पाठवला. चौथ्या दिवशी एकाचं उत्तर आलं: बदल चांगला आहे, पण असा शेल मुद्दाम कुणी बसवेल का? खरोखर कधी घडलंय का हे? नोंदीसाठी उदाहरण हवं.

नाझिया इंग्रजीत उत्तर लिहायला बसली. विनीत मागे उभा होता. तिने लिहिलं की एका क्लासमध्ये काही तांत्रिक कारणाने असं सेटिंग झालं होतं. लिहून ती थांबली. सरांची अब्रू सांभाळत होती, हे उघड होतं.

“‘काही तांत्रिक कारणाने’ काढ,” विनीत म्हणाला. “कारणाचा रकाना आहे तो. खरं कारण लिही.”

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो गंभीर आहे अशी खात्री झाल्यावर परत लिहायला घेतलं. सेटिंग माझ्या शिक्षकांनी केलं होतं, एका वडीलधाऱ्या माणसाला त्याची चूक सांगता आली नाही म्हणून. आठवडाभर मी चूक माझी समजत होते, कारण शिक्षकांनी तसं सांगितलं आणि तुमच्या डीबगरनेही. विनीत एकेका वाक्याला मान डोलावत होता. जगाच्या दुसऱ्या टोकाला हे कोण कोण वाचणार, या विचाराने त्याला घाम फुटला होता, पण त्याने तिला थांबवलं नाही.

पत्र संपलं असं त्याला वाटलं. नाझियाने मात्र त्याला न विचारता आणखी एक ओळ घातली: ‘डीबगरकडून मला उत्तर मिळालं नाही, शिक्षक घरी आले आणि माझ्या आईवडिलांसमोर खरं सांगून गेले.’

विनीतने ती ओळ वाचली. त्याने ‘पाठव’ म्हणायची वाट तिने पाहिली नाही. पत्र तिने आपणहूनच पाठवलं.